स्कॉलरशिप नाही, पण कोचचा शब्द आहे

एडिसनमधलं असो की पुण्यातलं, एखाद्या मराठी घरात अमेरिकेतल्या छोट्या कॉलेजच्या बास्केटबॉल कोचचा फोन येतो, तेव्हा आई-वडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: स्कॉलरशिप किती? कोच सरळ सांगतो की खेळासाठी एक डॉलरही मिळणार नाही. मग बरीच घरं हिरमुसतात आणि विषय तिथेच सोडतात. मला ही घाई वाटते, कारण खरा विषय त्या उत्तरानंतर सुरू होतो.

अमेरिकेत कॉलेजच्या खेळांचा कारभार पाहणाऱ्या ‘एनसीएए’ने 1973 साली आपल्या सभासद कॉलेजांचे तीन विभाग केले. त्यातला तिसरा, म्हणजे डिव्हिजन थ्री, आज सर्वांत मोठा आहे. त्यात चारशेहून जास्त कॉलेजं आहेत. इथे खेळाकडे बघून पैसा देता येत नाही, हा नियम आहे. एमआयटी, कॅलटेक, शिकागो विद्यापीठ, अ‍ॅमहर्स्ट, विल्यम्स ही सगळी याच विभागातली. हार्वर्ड, येलसारखी आठ आयव्ही लीग विद्यापीठं खेळतात पहिल्या विभागात, पण तीही खेळासाठी स्कॉलरशिप देत नाहीत.

मग या कोचच्या हातात असतं तरी काय? अ‍ॅडमिशन ऑफिसकडे टाकायचा शब्द. आपल्याकडे ‘शब्द टाकला’ म्हटलं की वशिल्याचा वास येतो. तिथे मात्र ही उघड, रीतसर पद्धत आहे. अकरावी संपल्यावर, साधारण जुलैत, कोच मुलाची मार्कशीट, बारावीला घेतलेले विषय आणि एसएटीचे गुण मागवतो आणि ऑफिसला दाखवतो. याला ‘प्री-रीड’ म्हणतात. ऑफिस कागद पाहून कळवतं: जमेल, कठीण आहे, किंवा अर्ज करूच नका. हे वचन नव्हे, अंदाज आहे. पण अमेरिकेतल्या नामांकित छोट्या कॉलेजांत या अंदाजाला मोठं वजन असतं. अशा ठिकाणी कोचला भरघोस पाठिंबा देण्याजोगी नावं मोजकीच मिळतात. म्हणून प्री-रीड चांगला आला की तो विचारतो, “अर्ली डिसिजनला अर्ज करशील का?” म्हणजे नोव्हेंबरात अर्ज करायचा आणि प्रवेश मिळाला तर इथेच यायचं, बाकीचे अर्ज मागे घ्यायचे.

या क्षणी मुलानं भिडस्त राहून चालत नाही. तुमच्या यादीत मी कितवा? ऑफिसकडे माझ्यासाठी पूर्ण पाठिंबा देणार आहात का, की नुसतं नाव कळवणार? हे विचारणं उद्धटपणा नाही. कोचला या प्रश्नांची सवय असते. “तू आम्हाला खूप आवडलास” हे वाक्य तो बऱ्याच मुलांना लिहितो. एमआयटीची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे कोच आपली पसंती कळवू शकतो, पण खेळाडूंसाठी राखून ठेवलेल्या जागा नाहीत आणि निर्णय पूर्णपणे ऑफिसचा असतो. तरीही एमआयटीचा पुरुष संघ 2012 मध्ये डिव्हिजन थ्रीच्या शेवटच्या चार संघांत पोचला होता.

पैसा येतो दुसऱ्या दारानं: घरची मिळकत पाहून मिळणारी मदत आणि काही ठिकाणी अभ्यासातल्या गुणवत्तेवरची. अमेरिकेत राहणाऱ्या कुटुंबाला कॉलेजच्या वेबसाइटवरच्या कॅल्क्युलेटरवरून खर्चाचा अंदाज काढता येतो. नागपूरहून अर्ज करणाऱ्या मुलीसाठी मात्र गणित बदलतं. बहुतेक कॉलेजांत परदेशी विद्यार्थ्यानं मदत मागितली की ती गोष्ट प्रवेशाच्या निर्णयातच मोजली जाते. एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, बोडन अशी थोडीच कॉलेजं परदेशी विद्यार्थ्यांचाही निर्णय पैशाकडे न पाहता घेतात. म्हणून अर्ली डिसिजनचं बंधन स्वीकारण्याआधी मदतीचा अंदाज लेखी मागून घ्यावा. मदत अपुरी पडली तर बंधनातून सुटता येतं, पण तोवर महत्त्वाचे महिने निघून गेलेले असतात.

भारतातल्या मुलांना खेळ दाखवायचा तो व्हिडिओतूनच. राज्य स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर आपल्याकडे दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा असतात. अमेरिकेतल्या कोचला त्या प्रमाणपत्रातून फारसं काही कळत नाही, कारण समोरचा संघ किती तगडा होता हे त्याला माहीत नसतं. म्हणून दोन-तीन मिनिटांच्या निवडक क्षणांसोबत एक अख्खा सामना पाठवावा, तोही बलाढ्य संघाविरुद्धचा. जर्सीचा नंबर सुरुवातीलाच सांगावा. बास्केट तर सगळेच दाखवतात. कोच पाहतो ते वेगळं: शॉट हुकल्यावर मुलगी मान खाली घालून उभी राहते की लगेच बचावाला पळते? चेंडू हातात नसताना ती काय करते? बेंचवर बसवल्यावर तिचा चेहरा कसा असतो? आणि मेल तिनं स्वतः लिहावा. वडिलांनी लिहिलेला मेल कोच पहिल्या दोन ओळींत ओळखतो.

खेळाचा दर्जा कमी असेल, या समजात राहू नये. मायामी हीटकडून 2020 ची एनबीए फायनल खेळलेला डंकन रॉबिन्सन कॉलेजच्या पहिल्या वर्षी विल्यम्सकडून खेळत होता. 2014 ची डिव्हिजन थ्री फायनल त्याचा संघ 75-73 असा हरला, आणि मग तो मिशिगनला गेला. एनबीएचे दिग्गज कोच ग्रेग पोपोविच यांनीही आधी पोमोना-पिट्झर या छोट्या संघाला घडवलं. अर्थात ही अपवादाची नावं आहेत. त्यांच्या भरवशावर कुणी कॉलेज निवडू नये.

स्कॉलरशिप नसण्यात एक मोठी मोकळीकही आहे, आणि तिच्याविषयी फार कमी बोललं जातं. दुसऱ्या वर्षी गुडघ्याचा लिगामेंट फाटला, किंवा प्रयोगशाळेतच मन रमलं, तर मुलगा संघ सोडू शकतो. त्याची फी-मदत खेळाशी बांधलेली नसल्यानं तशीच राहते. मात्र कोचही तितकाच मोकळा असतो. ज्याच्यावर खेळाचा पैसा लावलेलाच नाही, त्याला पुढच्या वर्षी संघात ठेवलंच पाहिजे असं नसतं. काही कोच पहिल्या वर्षाला भरपूर मुलं घेतात आणि पुढे गाळतात. हे ताडून पाहता येतं. कॉलेजच्या क्रीडा वेबसाइटवर बहुधा जुन्या वर्षांच्या संघयाद्याही असतात. चार वर्षांपूर्वी पहिल्या वर्षात असलेली नावं काढायची आणि त्यातली किती शेवटच्या वर्षापर्यंत टिकली ते मोजायचं. कोचला होकार कळवण्याआधी एका संध्याकाळी हे काम उरकून टाकावं.