कॅथरिना, वय वीस

युरोपातील प्रबोधनकाळाची स्त्री म्हटली की आपल्यापुढे मोनालिसा उभी केली जाते. तिच्या हसण्यावर पानेच्या पाने खर्ची पडली आहेत. मला ज्या बाईविषयी लिहायचे आहे ती हसत नाही. ती आपल्याकडे पाहतही नाही.

जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याने १५२१ साली अँटवर्प शहरात तिचे रेखाचित्र काढले. आज ते फ्लॉरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयात आहे. वहीच्या पानाएवढा कागद, त्यावर लेप, आणि चांदीच्या टोकदार काडीने ओढलेल्या रेघा. ही रेघ सहजी खोडता येत नाही, तेव्हा ड्यूररने तिला नीट न्याहाळले असणार. आफ्रिकी वंशाची तरुणी. केस फडक्याखाली पुरते झाकलेले, अंगात युरोपीय पोशाख, पापण्या खाली. चित्रावर ड्यूररनेच लिहिले आहे : कॅथरिना, वय वीस वर्षे.

आता दुसरा कागद पाहा. या प्रवासात ड्यूरर रोजनिशी लिहीत होता. जुआँव ब्रांदाँव हा पोर्तुगालच्या राजाचा अँटवर्पमधील व्यापारी प्रतिनिधी. १५१० साली गोवा घेतलेले हेच पोर्तुगीज. हिंदुस्थानची मिरी त्यांच्या वखारीमार्फत उत्तर युरोपात विकली जाई. ब्रांदाँवने पांढऱ्या साखरेच्या ढेपा भेट दिल्या, अशी नोंद रोजनिशीत आहे. त्या काळी पोर्तुगीजांची साखर मदेरा, साओ तोमे या बेटांवर आफ्रिकी गुलामांच्या घामातून निघत होती. त्याच रोजनिशीत ब्रांदाँवच्या संदर्भात आणखी एक नोंद येते : 'त्याची काळी बाई' चांदीच्या काडीने चितारली.

रोजनिशीत नाव नाही, मालक आहे. चित्रावर मालक नाही, नाव आहे. हात एकाच माणसाचा. ती गुलाम की पगारी चाकर, हे दोन्हीकडे लिहिलेले नाही. पण 'त्याची' हा शब्द पुरेसा बोलका आहे. आणि नाव तरी तिचे कुठे? कॅथरिना हे ख्रिस्ती संतिणीचे नाव. तिच्या आईने काय हाक मारली असेल ते कोणत्याच कागदावर नाही.

वर्गात मी हे चित्र दाखवले तेव्हा एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, खाली बघ म्हणून कुणी सांगितलं असेल का हो तिला?" कलेच्या पुस्तकांत या चेहऱ्याला 'उदास' म्हणून मोकळे होतात, हा प्रश्न मला त्यापेक्षा मोलाचा वाटला. तरीही घाई नको. त्याच वर्षी अँटवर्पमध्येच ड्यूररने एका ९३ वर्षांच्या म्हाताऱ्याचे रेखाचित्र केले. त्याचीही नजर खालीच आहे. म्हणजे झुकलेल्या पापण्या हा गुलामीचा पुरावा होत नाही. फरक पुढे पडतो. त्या म्हाताऱ्यावरून ड्यूररने संत जेरोम रंगवला आणि ते चित्र पोर्तुगीज वखारीतल्याच एका बड्या गृहस्थाला दिले. कॅथरिनावरून रंगवलेले त्याचे चित्र उपलब्ध नाही.

प्रबोधनकाळ शिकवणाऱ्या शिक्षकमित्रांनी मोनालिसाशेजारी हाही कागद भिंतीवर लावावा. रोजनिशीतली ती ओळ खाली लिहून.