आडनाव चालवलं कुणी?

बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला आडनावाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. खातेदार वारला की वारस कागद घेऊन यायचे. एकाच्या दाखल्यावर ‘कुळकर्णी’, दुसऱ्याच्या रेशनकार्डावर ‘कुलकर्णी’. एवढ्या एका अक्षरापायी प्रतिज्ञापत्रं व्हायची, भावाभावांत शब्दाला शब्द लागायचा. मी स्वतः कुलकर्णीच. एका शाखेत तर आम्ही चार कुलकर्णी होतो आणि चौघांचं एकमेकांशी बादरायण संबंधाइतकंही नातं नव्हतं.

यात नवल काहीच नाही. कुलकर्णी हे मुळात कामाचं नाव. पाटलाच्या जोडीनं गावच्या जमिनीचा आणि साऱ्याचा हिशेब ठेवायचा तो कुलकर्णी. काम वंशपरंपरेनं चालायचं, त्यापोटी जमीन आणि हक्क मिळायचे, म्हणून ते वतन. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१८ साली कुलकर्णी वतनं बंद करून पगारी तलाठी नेमले. मुंबई राज्यात १९५०चा कायदा झाला आणि १ मे १९५१पासून तिथलीही वतनं संपली. वतन गेलं, दप्तर गेलं, आडनाव तेवढं राहिलं. त्याच्याखाली अनेक घराण्यांची जुनी उपनावं मात्र गाडली गेली.

आमचं जुनं उपनाव कोणतं, हा शोध मी निवृत्तीनंतर घेतला. असा शोध घरापासून सुरू करावा. जन्मपत्रिका, खरेदीखतं, जुन्या लग्नपत्रिका. मग तहसील कचेरीतले फेरफार आणि इनामाचे कागद. त्याच्याही मागे जायचं तर पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे रुमाल आहेत, पण तिथे मोडी वाचणारा माणूस सोबत हवा. आणि सर्वांत सोपं, पण आपण विसरलेलं साधन म्हणजे नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. यात्रेकरूनं आपलं, बापाचं, आजाचं, भावांचं, मुलांचं नाव आणि गाव लिहायचं, जमल्यास स्वतःच्या हातानं. पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी अशा एकेका घराण्याच्या पानावर साठत जातात.

उपनाव नाशिकला सापडलं. पण त्याआधी घरच्या ट्रंकेतला एक मोडी कागद वाचून घेतला होता. ते दत्तकपत्र होतं. पणजोबा निपुत्रिक वारले होते. पणजीनं पुढच्याच वर्षी, १९१६ साली, दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या आडनावाच्या घरातला सात वर्षांचा मुलगा मांडीवर घेतला होता. तो मुलगा म्हणजे माझे आजोबा. घरात हे कधी कुणी बोललं नव्हतं.

नेमका त्याच सुमारास अमेरिकेतल्या पुतण्यानं डीएनए चाचणीचं खूळ घेतलं. त्यातलं तत्त्व सोपं आहे. ‘वाय’ नावाचं गुणसूत्र बापाकडून फक्त मुलाकडे जातं, जवळजवळ जसंच्या तसं. आपल्याकडे आडनावही तसंच जातं. तेव्हा दोन्हींचा ताळा जमायला हवा, असा हिशेब. ऑक्सफर्डच्या ब्रायन साइक्स यांनी तो स्वतःच्याच आडनावावर करून पाहिला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात साइक्स आडनावाच्या ४८ पुरुषांपैकी जवळपास निम्म्यांचं ‘वाय’ एकसारखं निघालं. म्हणजे मूळ पुरुष बहुधा एकच. उरलेल्यांच्या घराण्यात कुठल्या ना कुठल्या पिढीत धागा तुटलेला. दर पिढीला शंभरात एक-सव्वा इतक्या बेतानं तुटला, तरी सातशे वर्षांत तेवढा फरक पडतो.

तिथे एक मूळ पुरुष निघू शकला. आपल्याकडे गावोगावच्या हिशेबनिसांना मिळालेल्या ‘कुलकर्णी’चा एक मूळ पुरुष शोधणं म्हणजे सगळ्या बँक मॅनेजरांचा एक खापरपणजोबा शोधणं.

मी पुतण्याला दत्तकपत्राची नक्कल पाठवली आणि लिहिलं, तुझी चाचणी तुला आजोबांच्या जन्मदात्याकडे नेईल, पणजोबांकडे नाही. त्याचा रात्री फोन आला. “काका, म्हणजे आपण खरे कुलकर्णी नाहीच का?”

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्याच्या मुलाचं नाव त्यानं पणजोबांच्या नावावरून ठेवलं होतं.

मी त्याला कोल्हापूरचं उदाहरण दिलं. शाहू महाराज जन्मानं कागलच्या घाटगे घराण्यातले, यशवंतराव. १८८४ साली ते दत्तक गेले आणि कोल्हापूरच्या भोसल्यांच्या गादीवर बसले. गुणसूत्र विचारलं तर ते घाटग्यांचं नाव सांगेल. म्हणून महाराजांना खरे छत्रपती कोण म्हणणार नाही?

दुसरं उदाहरण इंग्लंडचं. १४८५ साली लढाईत पडलेल्या तिसऱ्या रिचर्ड राजाचा सांगाडा २०१२ साली लेस्टर शहरातल्या एका वाहनतळाखाली सापडला. त्याच घराण्याच्या पुरुषवंशातले म्हणून पाच जण तपासले. एकाचंही ‘वाय’ राजाशी जुळलं नाही. ओळख पटली ती राजाच्या बहिणीच्या वंशातून. आईकडून लेकरांना मिळणारा मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए लेकीकडून लेकीकडे येत टिकला होता. प्रत्येक लग्नात त्या बायकांचं आडनाव बदललं असणार. तरी सव्वापाचशे वर्षं धागा राहिला तो त्यांच्याकडेच.

हे वाचल्यावर मी नाशिकच्या वहीचं ते पान नव्यानं पाहिलं. १९३८ सालची नोंद आजोबांच्या अक्षरात आहे. ‘मातोश्रींच्या अस्थी घेऊन आलो.’ खाली बापाचं नाव म्हणून पणजोबांचं नाव. ज्या माणसाला त्यांनी बाप म्हणून कधी पाहिलंही नव्हतं, त्याचं. आणि मातोश्री म्हणजे ती, जिनं त्यांना जन्म दिला नव्हता. जन्मदात्या आईबापांचा उल्लेख त्या पानावर नाही. त्यांचं आडनाव फक्त दत्तकपत्रात आहे, आणि आता पुतण्याच्या नळीतल्या थुंकीत.

या दोन वेगवेगळ्या वह्या आहेत. एकीत जन्म लिहिलाय, दुसरीत कोण कुणाचं झालं ते लिहिलंय. एकीच्या बाकीनं दुसरी तपासली तर ताळेबंद जुळणार नाही, आणि तो कुणाचा घोटाळाही नव्हे. दोन्ही जपून ठेवाव्यात. आजोबांच्या जन्मघरचं ऋणही आमच्यावर आहेच.

पण आमचं आडनाव चालवलं कुणी? ज्या पिढीत ते बुडायचं होतं, त्या पिढीत ते दोघांनी वाचवलं. एकीला ते लग्नात मिळालं होतं, एकाला दत्तकविधीत. जन्मानं मिळालेलं माणूस तेव्हा घरात एकही नव्हतं.

आणि त्या पणजीचं माहेरचं आडनाव एकाही कागदावर नाही. दत्तकपत्रात ती अमुकाची विधवा, वहीत अमुकाची माता. महाराष्ट्रात १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदांवर बापाच्या आधी आईचं नाव येऊ लागलं आहे. पुढच्या शोधणाऱ्यांची तेवढी सोय झाली. पुतण्यानं वंशावळीच्या तक्त्यात आता एक नवा रकाना काढलाय, ‘पणजीचं माहेर’. तो रिकामा आहे. तिच्या माहेरच्या गावाचं नाव आत्याच्या एका ओवीत येतं, एवढाच धागा. दिवाळीनंतर त्या गावी जाऊन येणार आहे.