जत्रेच्या रंगमंचासाठी नवी नाटकं
रायगड किनाऱ्यावरच्या हौशी मंडळांसाठी एक निवड

कार्तिक उजाडला की अलिबाग तालुक्यात जत्रांचा हंगाम सुरू होतो. वरसोली, आवास आणि मग दत्तजयंतीला चौल. पुढे माघी गणपती, शिमगा, रामनवमी, हनुमान जयंती. उरणपासून श्रीवर्धनपर्यंत या दिवसांत कुठे ना कुठे एखादं हौशी मंडळ नाटकाच्या तयारीत असतं. यंदा कुठलं नाटक घ्यायचं, या प्रश्नावर बैठकीत बहुतेक वेळा मुंबईत गाजलेल्या एखाद्या विनोदी नाटकाचं नाव निघतं. त्याचा व्हिडिओ मिळतो, तो पाहून पात्रं ठरतात आणि तालमी सुरू होतात. पण आज तोच व्हिडिओ प्रेक्षकांनीही पाहिलेला असतो. मूळ नटाची नक्कल पाहायला लोक थंडीत मध्यरात्रीपर्यंत का बसतील?

गावच्या मंडळाकडे काही गोष्टी व्यावसायिक संस्थेपेक्षा जास्त आहेत. माणसं भरपूर आहेत, महिना-दीड महिना तालमीला वेळ आहे आणि नटाला नावानिशी ओळखणारा प्रेक्षक समोर आहे. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या शाकारलेल्या असतात. संहिता वाचायला याहून चांगला काळ नाही. या बळाला साजेशी आणि इथल्या जगण्याला भिडणारी नाटकं गेल्या काही दशकांत मराठीत लिहिली गेली आहेत. किनाऱ्यावरच्या बहुसंख्य गावांना ती नवीच आहेत. त्यांतली काही इथे सुचवतो.

पहिलं नाव जयंत पवारांच्या 'अधांतर'चं. १९९७ साली रंगभूमीवर आलेलं हे नाटक गिरणी संपानंतरच्या लालबाग-परळमधल्या धुरी कुटुंबाचं आहे. एकच खोली. लेखक व्हायला निघालेला बाबा, क्रिकेटच्या नादात अडकलेला मोहन, गुंडगिरीकडे वळलेला नरू, बहीण मंजू आणि या सगळ्यांना एका छपराखाली धरून ठेवायला धडपडणारी आई. १९८२चा संप कोकणातल्या असंख्य घरांनी मनीऑर्डर बंद पडली तेव्हा अनुभवला. गिरणीतून परतलेला एखादा आजोबा आजही गावात भेटेल. हे नाटक बसवणाऱ्या मंडळाने तालमीआधी अशा माणसाला बोलावून ऐकावं. नेपथ्याचा खर्च कमी आहे आणि अभिनयाची कसोटी मोठी आहे. पवारांचंच 'काय डेंजर वारा सुटलाय' हे नाटक बिल्डरांच्या ताब्यात चाललेल्या शहरात मध्यमवर्गीय माणसाची होणारी दमछाक दाखवतं. मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंत ज्यांनी वाडी विकली आणि आता त्याच वाडीतल्या बंगल्यावर राखणदारी करतात, त्यांना ते समजावून सांगावं लागणार नाही.

दुसरं नाव प्रेमानंद गज्वी यांच्या 'किरवंत'चं. अंत्यविधीची कर्मं करणाऱ्या ब्राह्मणांना त्यांचेच जातभाई कसे दूर ठेवतात, हा त्याचा विषय. डॉ. श्रीराम लागूंनी हे नाटक रंगभूमीवर आणलं होतं. रायगडात ते पुन्हा व्हायला हवं, याला कारण आहे. गावकीने कुटुंबं वाळीत टाकल्याची प्रकरणं या जिल्ह्यातून मोठ्या संख्येने पुढे आली, त्यावर राज्यभर चर्चा झाली आणि २०१६ साली विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा मंजूर केला. तो जुलै २०१७मध्ये लागू झाला. कायद्याने तक्रार नोंदवता येते. पण ज्या घराशी बोलणं बंद केलं, त्या घरात संध्याकाळी काय होतं, मुलांना काय सांगितलं जातं, हे गावाने एकत्र बसून पाहिलेलं नाही. 'किरवंत'मध्ये जात वेगळी आहे, यातना तीच आहे. अंतर असल्यामुळे ते पाहताना कुणाची मान खाली जात नाही आणि घरी गेल्यावर मात्र प्रत्येकाला आपलं गाव आठवतं.

पाण्याचा विषय घ्यायचा तर नाशिकच्या दत्ता पाटलांचं 'हंडाभर चांदण्या' आहे. सचिन शिंदे यांनी दिग्दर्शित केलेल्या या नाटकात टँकरची वाट पाहणारं एक गाव आहे. ज्या किनाऱ्यावर पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो, तिथे दुष्काळाचं नाटक कशाला, असं कुणी म्हणेल. त्याने पेणच्या वाशी-शिर्की खारेपाट भागातल्या बाईला विचारावं. चारी बाजूंनी पाणी आणि पिण्यासाठी टँकर, ही तिथली वर्षानुवर्षांची अवस्था आहे. बोली बदलून, आगरी वळण देऊन हे नाटक करायचं असेल तर लेखकाशी बोलून करावं.

मोठा संच असलेल्या मंडळांसाठी तीन नावं. राजकुमार तांगडे यांचं 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' २०१२ साली नंदू माधव यांच्या दिग्दर्शनाखाली आलं. मूळ कल्पना संभाजी भगतांची. जालन्याच्या ग्रामीण कलावंतांनी ते महाराष्ट्रभर नेलं. रायगड किल्ला ज्या जिल्ह्यात आहे, तिथे शिवाजी महाराजांच्या विचाराचा वारस कोण, हा प्रश्न विचारायला याहून जिवंत नाटक मला ठाऊक नाही. दुसरं शफाअत खान यांचं 'शोभायात्रा'. स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी मिरवणुकीसाठी राष्ट्रपुरुषांची सोंगं घेतलेली माणसं जमतात आणि सोंगाखालचा माणूस बाहेर येऊ लागतो. सोंगांची परंपरा असलेल्या शिमग्याच्या गावाला हा खेळ हातचा आहे. तिसरं मकरंद साठे यांचं 'दलपतसिंग येती गावा'. माहितीच्या अधिकाराचा लढा सांगणारं हे नाटक अतुल पेठे यांनी मराठवाड्यातल्या गावकऱ्यांना घेऊन बसवलं. पेठे यांनीच गो. पु. देशपांडे यांचं 'सत्यशोधक' पुणे महापालिकेच्या सफाई कामगारांसोबत केलं. शिकलेला नट नसला तरी काय होऊ शकतं, याचे हे दोन धडे आहेत.

नाटकात घ्यायला बाई मिळत नाही, ही तक्रार जुनी. महिला बचत गटांच्या बैठकीत जाऊन विचारलं तर ती टिकत नाही. त्यांच्यासाठी प्रशांत दळवींचं १९९१चं 'चारचौघी' आहे. आई आणि तीन मुली आपापल्या आयुष्याचे निर्णय घेतात. २०२२ साली ते पुन्हा रंगभूमीवर आलं तेव्हा त्यातले प्रश्न ताजेच ठरले. दोनच अभिनेत्री आणि गाणारा गळा असेल तर प्राजक्त देशमुख यांचं 'देवबाभळी'. तुकोबांची आवली आणि लखुबाई होऊन तिच्या घरी आलेली रखुमाई. एकीचा काटा रुतलेला पाय, दुसरीचा तो जपणारा हात आणि दोघींच्या बोलण्यातून उलगडत जाणारं नवऱ्यांचं देवपण. वरसोलीच्या विठोबाच्या जत्रेत हे नाटक झालं तर भजनी मंडळच त्याचा वाद्यवृंद होईल. ज्यांची मुलं पुण्याला किंवा परदेशी गेली, त्या घरांसाठी दळवींचंच 'संज्या छाया' सुचवीन.

निवडीबरोबर थोडा व्यवहार. जून २०२२मध्ये अलिबागचं पीएनपी नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडलं तेव्हा किनाऱ्यावर नाट्यगृह ही किती दुर्मीळ गोष्ट आहे, ते सगळ्यांना कळलं. म्हणून देवळासमोरच्या मांडवात उभं राहील असंच नाटक घ्यावं. फिरता रंगमंच किंवा गुंतागुंतीची प्रकाशयोजना लागणारी संहिता बाजूला ठेवावी. लेखकाची लेखी परवानगी आणि मानधन चुकवू नये. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आहे का, ते आधी पाहावं. जत्रेत एक प्रयोग करून सामान बांधून ठेवू नये. शेजारच्या तीन गावांत न्यावं, राज्य नाट्य स्पर्धेत उतरावं.

आणि जे अजून पुरेसं लिहिलं गेलेलं नाही, तेही सांगतो. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातल्या चरीत नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध संप पुकारला. तो १९३९पर्यंत चालला. डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठबळ दिलं आणि १९३७ साली खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. या संपावर भाषणं पुष्कळ झाली. मला त्यावर एका घराचं नाटक हवं आहे. चौथं वर्ष, शेत पडीक, तळाला गेलेली कणगी, नवरा मोळी विकायला गेलेला आणि खोताचा माणूस दारात येऊन एकट्या बाईशी गोड बोलतोय. ती काय उत्तर देते? ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ पुन्हा लावली तर फळ यायला वर्षं जातात. साठीतल्या बागायतदाराने ती लावावी की जमीन रिसॉर्टला द्यावी, यावर बापलेकाचं आख्खं नाटक उभं राहतं. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातल्या २२ गावांनी विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यायची की नाही, यावर मतदान केलं. देशात गाजलेली ही घटना पेणच्याच लेखकाने रंगमंचावर आणावी.

माझी सूचना नेमकी आहे. यंदाच्या जत्रेला 'किरवंत' किंवा 'अधांतर' घ्या. त्याच्या तालमी चालू असताना गावातल्या दोन लिहित्या मुलांना चरीत पाठवा, संपातल्या घरांच्या नातवंडांशी बोलू द्या आणि पुढच्या वर्षी त्यांची एकांकिका स्पर्धेत उतरवा. चांगल्या संहितेत सहा आठवडे राहिलेल्या मंडळालाच आपली संहिता लिहिता येते. १९३३चा संप ऐकलेली पिढी आता थोडीच उरली आहे, त्यामुळे हे काम याच हंगामात सुरू करायला हवं.