बाल्कनीतला डेलिया

सोमवार ते शुक्रवार डेडलाइन्स, शनिवारी झोप, रविवारी कपडे आणि बिलं. अशा शेड्यूलमध्ये झाडं कसली लावताय? माझंही हेच म्हणणं होतं. पण तीन वर्षांपूर्वी आईने साताऱ्याहून येताना वर्तमानपत्रात गुंडाळून डेलियाचे दोन कंद आणले आणि म्हणाली, "आजीचा डेलिया आहे. जप."

आजी आता नाही. तिच्या अंगणात पार्किंग झालंय. पण कंदापासून किंवा फांदीपासून वाढवलेला डेलिया म्हणजे जुन्या झाडाचंच रूप, तोच रंग, तीच पाकळी. बियांतून हे जमत नाही. म्हणजे आजीच्या अंगणातलं उरलेलं सगळं माझ्या हातात होतं. आणि पहिल्याच महिन्यात मी त्यातला एक कंद मारला!

कसा? प्रेमाने. रोज ऑफिसमधून आले की पाणी, सकाळी निघताना पुन्हा पाणी. कोंब काही येईना. उकरून पाहिलं तर कंद कुजून लगदा झालेला. डेलियाच्या कंदात पाण्याचा साठा असतोच. कोंब दिसेपर्यंत माती फक्त ओलसर हवी. दुसऱ्या कंदाला मी आठ दिवस हातही लावला नाही. दोनेक आठवड्यांनी हिरवं टोक वर आलं, तेव्हा आईला लगेच फोन केला.

मूळचा मेक्सिकोचा हा पाहुणा. १९६३पासून तिथलं राष्ट्रीय फूल. नाव मात्र अँडर्स डाल या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञावरून पडलेलं. आपल्याकडे त्याला थंडी मानवते, म्हणून पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लागवड करायची. कंद नसतील तर नर्सरीतून रोप आणा.

कुंडी किमान बारा इंची, खाली भोकं मोकळी. माती, कुजलेलं शेणखत आणि थोडं कोकोपीट. कंदाच्या मानेपाशी 'डोळा' असतो, तो वर ठेवून चारेक इंच खोल लावा. डोळाच नसेल तर कंद कितीही गुबगुबीत असो, उगवणार नाही. लावतानाच शेजारी काठी रोवा, नंतर रोवलीत तर कंदाला भोसकाल. ऊन पाच-सहा तास हवंच. पानांच्या तीन-चार जोड्या झाल्या की शेंडा खुडा. जिवावर येतं, पण फांद्या फुटतात आणि फुलं वाढतात. मोठं फूल हवं असेल तर प्रत्येक फांदीवर मधली कळी ठेवून बाजूच्या काढा. नत्राचं खत जास्त झालं तर नुसती पानंच मिरवाल. मावा दिसला तर लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि साबणाचे थेंब घालून संध्याकाळी फवारा.

फुलं संपून पानं पिवळी पडली की पाणी तोडा. खोड चार-सहा इंच ठेवून कापा, कंद काढून सावलीत वाळवा आणि कोरड्या वाळूत ठेवून द्या. पावसाळ्यात कुंडीत राहिले तर कुजणारच.

यंदा मला अकरा महिन्यांचा करार संपून फ्लॅट बदलावा लागला. टेम्पोत फ्रिज, गादी, पुस्तकं चढली. वाळूचा डबा मात्र मी मांडीवर घेऊन बसले. आत पाच कंद होते. त्यातला एक ऑफिसमधल्या मैत्रिणीला दिलाय. देताना सांगितलं, "पाणी कमी घाल गं."