अर्ध्या तासाचं शहर

हिवरे बाजार या गावाचं क्षेत्र सुमारे ९७७ हेक्टर. एवढ्या जमिनीचं वर्तुळ कल्पिलं, तर त्रिज्या पावणेदोन किलोमीटर भरते. मधोमध राहणारा माणूस पायी निघाला तर अर्ध्या तासात शिवेवर, म्हणजे जाऊन-येऊन फार तर तासभर. माणूस रोजच्या जाण्यायेण्यात सरासरी तासभरच घालवतो, असं इटलीचे भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी १९९४मध्ये मांडलं. वाहनाचा वेग वाढला की माणूस वेळ वाचवत नाही, लांब राहायला जातो. वेग दुप्पट झाला, तर तेवढ्याच वेळात चौपट जमीन आवाक्यात येते.

मुंबईत हे गणित ट्रामने रस्त्यावर उतरवलं. ९ मे १८७४ रोजी कुलाबा ते पायधुणी घोड्यांची ट्राम धावली. लोखंडी रुळावर लोखंडी चाकाला अडथळा फार कमी, त्यामुळे साध्या रस्त्यावरच्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त माणसं तेवढेच घोडे ओढू लागले. पण घोडा थकतो. ताज्या जोड्या हाताशी ठेवायच्या म्हणून कंपनीला शेकडो घोडे पोसावे लागत.

७ मे १९०७ला विजेची ट्राम आली. तिच्या विजेच्या मोटरचा सगळ्यात जास्त जोर लागतो तो गाडी सुटतानाच. त्यामुळे थोड्या थोड्या अंतरावर थांबूनही ट्रामला चांगला वेग धरता येई. वस्तीच्या दृष्टीने मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आगगाडीमुळे स्टेशनाभोवती वस्तीचे पुंजके होतात. ट्राममुळे रस्त्याच्या दोन्ही अंगांना सलग वस्ती वाढते, खाली दुकानं आणि वर बिऱ्हाडं. ट्राममुळे शहर किती पसरतं ते अमेरिकेत दिसलं: बोस्टन १८५०मध्ये केंद्रापासून जेमतेम तीन किलोमीटर पसरलेलं होतं, १९००पर्यंत ते सोळा किलोमीटरवर गेलं.

१८९६च्या प्लेगनंतर, १८९८मध्ये मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर आखीव वसाहती उभ्या केल्या. हिंदू कॉलनी, पारसी कॉलनी त्यातल्याच. दादरला रेल्वे स्टेशन होतंच. त्यात कॉलन्यांच्या तोंडाशी ट्रामचं टर्मिनस आलं, आणि फोर्टमधल्या कचेरीत नोकरी करून दादरला मोकळ्या हवेत राहणं मध्यमवर्गाच्या आवाक्यात आलं. ३१ मार्च १९६४ला शेवटची ट्राम बोरीबंदरहून याच दादरला आली.

मुंबईतल्या गिरण्यांचा भाग, गिरणगाव, मात्र या गणिताबाहेर राहिला. कामगाराला रोजचं भाडं जड जाई आणि पाळीला भोंग्याच्या आत फाटक गाठावंच लागे. म्हणून परळ-लालबागच्या चाळी गिरण्यांना खेटून उभ्या राहिल्या आणि एकेका खोलीत दहा-दहा माणसं कोंबली गेली. ट्राम त्यांच्या दारावरूनच जात होती.