शहराच्या पोटात शहर

चीनच्या फूच्येन प्रांतातलं शिशी हे किनाऱ्यावरचं शहर च्वानचौ शहराच्या अखत्यारीत येतं. म्हणून अनेकांना ते उपनगर वाटतं. तसं नाही.

चिनी कारभारात 'शी' (शहर) हा दर्जा आहे, दाट वस्तीचं वर्णन नव्हे. मसाल्याचा डबा आठवा: मोठा डबा आणि आतल्या वाट्या, सगळ्यांवर एकाच नावाची चिठ्ठी. च्वानचौ साधारण आपल्या जिल्ह्यासारखं. शिशी हे काउंटी-दर्जाचं शहर (साधारण तालुक्यासारखं). त्यामुळे शिशीच्या हद्दीत कापडबाजार आहे, श्यांगचृचं मासेमारी बंदर आहे आणि १३८७ मध्ये मिंग राजवटीने उभारलेलं योंगनिंगचं लष्करी ठाणंही आहे.

पूर्वी हा सगळा भाग चिनच्यांग काउंटीत होता. कपड्यांचा व्यापार फोफावला आणि डिसेंबर १९८७ मध्ये शिशीला वेगळ्या शहराची मंजुरी मिळाली. मूळ चिनच्यांग मात्र १९९२ मध्ये शहर झालं.