निर्दोष दिसणारें अंडें

अंड्याचा विषय निघतांच आमच्या कांहीं वाचकभगिनी पान उलटतील, हें आम्हीं जाणून आहों. परंतु डॉक्टरांच्या आज्ञेनें म्हणा, मुलांच्या पुष्टीसाठीं म्हणा किंवा केकच्या रूपानें म्हणा, अंडें आतां पुष्कळ सोंवळ्या घरांतहि शिरलें आहे. तेव्हां त्याचे गुणदोष ठाऊक असलेले बरे.

इंग्लंडच्या आरोग्यखात्यांतील कनिष्ठ मंत्री एड्विना करी यांनीं ३ डिसेंबर १९८८ रोजीं, देशांतील बहुतेक अंड्यांच्या पैदाशीस साल्मोनेला जंतूंची बाधा झाली आहे, असें जाहीरपणें सांगून टाकलें. एकच गहजब उडाला! अंड्यांचा खप कोसळला, कुक्कुटपालक खवळले आणि दोन आठवड्यांच्या आंतच बाईंना पद सोडावें लागलें. ‘बहुतेक’ हा शब्द अतिशयोक्तीचा होता खरा. पण मूळ भय खोटें नव्हतें.

या जंतूची एक जात कोंबडीच्या अंडाशयांतच ठाण मांडते. कोंबडी धडधाकट दिसते, आणि कवच बनण्यापूर्वींच जंतु अंड्यांत उतरलेला असतो. असें अंडें कितीहि धुतलें तरी व्यर्थच. मांसावर तो बहुधा कोंबडी कापतांना आंतड्यांतून येतो; तें नळाखालीं धुतल्यास शिंतोड्यांबरोबर जंतु ओट्यावर पसरतात. पोटांत गेल्यावर ६ तासांपासून ६ दिवसांपर्यंत केव्हांहि ज्वर, जुलाब व पोटांत कळा सुरू होतात. सशक्त माणूस आठवड्याभरांत सांवरतो. तान्हीं मुलें, गर्भवती व वृद्ध यांच्या मात्र जिवावर बेतूं शकतें.

इंग्रजांनीं उपाय केला तो कोंबडीवरच. १९९८ पासून लस टोंचलेल्या कोंबड्यांच्या अंड्यांवर तांबड्या सिंहाचा छाप उमटूं लागला. आणि २०१७ सालीं तेथील अन्नविषयक सरकारी संस्थेनें असें छापाचें अंडें अर्धकच्चें असलें तरी मुलांना व गर्भवतींना चालेल, असा निर्वाळा दिला. बाईंच्या राजीनाम्यानंतर तब्बल २९ वर्षांनीं!

आपल्या दुकानांतील अंड्यांवर तो सिंह नसतो. म्हणून तालमींत जाणाऱ्या चिरंजिवांस कच्चें अंडें दुधांत घालून देण्याची चाल सोडावी. अंडें बलक घट्ट होईपर्यंत उकडावें, मांस आंतपर्यंत शिजवावें. शीतकपाटांत जंतु मरत नाहीं, नुसता स्वस्थ बसतो. कच्च्या मांसाच्या सुरीनें कोशिंबिरीची काकडी चिरूं नये. आणि केकचें मिश्रण घोटलेलें पातेलें मुलांना चाटावयास देऊं नये, तीं कितीहि रुसोत.